गोजरा टिटवीची दवंडी

एका रानात चक्क खरी निवडणूक झाली. कशी झाली, ते कुणालाच कळलं नाही. रायबा सांबर निवडून आला आणि पहिल्याच सभेत म्हणाला, "आपल्या झाडांचा मध आपल्या पिल्लांना!"

नदीपल्याडची अस्वलं तो मध पिढ्यान्‌पिढ्या चाटत आली होती. त्यांना हे फार झोंबलं.

आठवड्याभरात पल्याडहून दोन वानर आले. फुलपाखरांचा अभ्यास करायला आलोय, म्हणाले, आणि थेट गोजरा टिटवीकडे गेले. गोजरा रानाची दवंडीवाली. ती ओरडली की हत्तीसुद्धा पळायचे.

"गोजराताई, तुमची अंडी उघड्या वाळूवर. दरवर्षी कुणीतरी तुडवतं. आम्ही पहारा देतो. तुम्ही एवढंच ओरडायचं, सांबर रान विकतोय!"

"पण विकतोय का तो?"

"ते सोडा हो. आवाज काय गोड आहे तुमचा!"

गोजराने अंड्यांकडे पाहिलं आणि ओरडली. तीन दिवस ओरडली. रान खवळलं, रायबाला कड्यावरून ढकललं, आणि उग्रसेन तरस गादीवर बसला. 'लोकशाही वाचली' म्हणून पल्याडहून हार आले, इकडून मध गेला. गोजराला 'रानरत्न' मिळालं.

पहारा दोन वर्षं टिकला. मग उग्रसेनाच्या शिपायांनी त्याच वाळूत कवायत सुरू केली. एक अंडं उरलं नाही.

गोजरा दरबारात गेली. "महाराज, माझी अंडी..."

"पल्याडचा हात!" उग्रसेन गरजला. "हिला त्यांनी फितवलंय!"

आरोप खरा होता, फक्त तारीख चुकली होती.

दुसऱ्या दिवशी ती कड्यावर उभी राहून जीव तोडून ओरडली, "रायबाने काही विकलं नव्हतं! मला वानरांनी शिकवलं होतं!"

खाली सशांनी कान टवकारले. एक म्हातारा ससा म्हणाला, "आणि हे कुणी शिकवलं, ताई?"

ती वाळूवर परतली, पुन्हा कधी ओरडली नाही. त्या उन्हाळ्यात हरणांनी पाणी मागितलं, पल्याडचा हात. माकडांनी नुसती जांभई दिली, पल्याडचा हात.

चाळीस वर्षांनी पल्याडच्यांनी जुने कागद खुले केले. 'हो, ते आम्हीच केलं. वाईट वाटतं.' तोवर गोजरा गेली होती. उग्रसेनाचा नातू बिनविरोध निवडून आला. निवडणूक पाहायला पल्याडहून निरीक्षक आले होते. त्यांनी अहवालात खेदाने नोंदवलं, 'या रानाला मुळात लोकशाहीची सवयच नाही.'