वाकडी अँटेना आणि टिकली पाल

समुद्राकाठी एक घर. घरात हिरूमावशी. तिच्या टीव्हीमागे एक पिटुकली पाल. तिचं नाव टिकली.

मावशीचा लेक नथू होडी घेऊन समुद्रावर गेला होता. म्हणून मावशी रोज संध्याकाळी टीव्ही लावायची. समुद्राची बातमी ऐकायची. टीव्हीच्या उजेडाला किडे यायचे. टिकली ते खायची. गट्ट.

एक दिवस खूप वारा सुटला. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. खर्रर्र खर्रर्र. टिकलीने एक मुंगी चाटून पाहिली. ती मुंगी नव्हतीच.

मावशीने टीव्ही बंद केला. अंधारातच बसून राहिली.

उजेड नाही. किडा नाही.

टिकली म्हणाली, "टीव्ही टीव्ही, लाग ना. किडा येईना, टिकली उपाशी."

टीव्ही म्हणाला, "अँटेना वळेल, तर मी लागेन."

टिकली निघाली. सुळुक सुळुक. कौलांवर आली. अँटेना वाकडी झाली होती. दुधीचा वेल तिला लोंबकळत होता.

"अँटेना अँटेना, वळ ना. टीव्ही लागेना, किडा येईना, टिकली उपाशी."

अँटेना म्हणाली, "वेल सोडेल, तर मी वळेन."

"वेला वेला, सोड ना. अँटेना वळेना, टीव्ही लागेना, किडा येईना, टिकली उपाशी."

वेल म्हणाला, "शेळी ओढेल, तर मी सोडेन."

टिकली खाली उतरली. सुळुक सुळुक. अंगणात शेळी बांधलेली होती.

"शेळी शेळी, ओढ ना. वेल सोडेना, अँटेना वळेना, टीव्ही लागेना, किडा येईना, टिकली उपाशी."

शेळी म्हणाली, "दावं सुटेल, तर मी ओढेन."

"दाव्या दाव्या, सूट ना. शेळी ओढेना, वेल सोडेना, अँटेना वळेना, टीव्ही लागेना, किडा येईना, टिकली उपाशी."

दावं म्हणालं, "मावशी उठेल, तर मी सुटेन."

टिकली घरात आली. सुळुक... सुळुक... आता ती दमली होती.

"मावशी मावशी, ऊठ ना. दावं सुटेना, शेळी ओढेना, वेल सोडेना, अँटेना वळेना, टीव्ही लागेना, किडा येईना, टिकली उपाशी."

मावशी म्हणाली, "टीव्ही लागेल, तर मी उठेन."

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं. टिकली मावशीच्या पायाशी बसली. चुक... चुक... अगदी बारीक आवाज.

मावशीने खाली पाहिलं. टिकलीचं पोट खपाटीला गेलं होतं. मावशीनेही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"भूक लागली ना गं तुला?" मावशी म्हणाली. "टीव्ही राहू दे. तुझ्यासाठी उठते."

मावशी उठली. दावं सुटलं. शेळीने ओढलं. वेलाने सोडलं. अँटेना वळली, कर्रर्र. मावशीने बटण दाबलं. टीव्ही लागला.

बातमी आली. सगळ्या होड्या खाडीत थांबल्या होत्या. वारा पडला की घरी येणार होत्या. मावशीने डोळे पुसले. मग चूल पेटवली.

उजेडाला एक किडा आला. हिरवा, मोठ्ठा. गट्ट.

त्या संध्याकाळी दोघीही जेवल्या.