मेस्त्रीच्या हातची गोळा-वाटी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा अख्ख्या गावात मिळून एकच मोटार असे, आणि कोणाकडे पाहुणे यायचेत हे घरच्यांच्या आधी त्या मोटारीला कळे.

असंच एक गाव डोंगराच्या माथ्यावर होतं. वर गाव, खाली बाजारपेठ आणि मधे घाटाची वळणावळणाची वाट. गावाची ती एकुलती एक मोटार सकाळी खाली उतरे आणि दिवेलागणीला वर येई. नव्या सुना तिच्यातून गावात आल्या, आजारी माणसं तिच्यातून वैद्याकडे गेली आणि बरी होऊन परतलीसुद्धा. मोटार कोणा एकाची नव्हती, पण गाव तिला मेस्त्रीची गाडी म्हणे. कारण चालवायचा मेस्त्री आणि दुरुस्त करायचाही मेस्त्रीच.

मेस्त्री अबोल. त्याला आणि त्याच्या बायकोला मूलबाळ नव्हतं. आईबापांविना राहिलेलं एक पोर त्यांनी घरी आणलं, वाढवलं, आणि मेस्त्रीने त्याला हाताखाली घेऊन काम शिकवलं. शागीर्द मोठा झाला तरी मेस्त्रीच्या मागे सावलीसारखा असे. मेस्त्रीने डोकं खाजवलं तर यालाही खाज सुटायची, असं गावातले टवाळ म्हणत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आता थोडं मोटारीबद्दल सांगायला हवं. मोटारीच्या पुढच्या चाकांना खड्ड्याबरोबर वर-खाली व्हायचं असतं आणि वाटेबरोबर वळायचंही असतं. दोन्ही जमावं म्हणून चाकाच्या मुळाशी एका वाटीत लोखंडी गोळा बसवलेला असतो, आपल्या खुब्यात मांडीचं हाड बसतं तसा. कारागीर त्याला बॉल जॉइंट म्हणतात. गाव आपलं साधं गोळा-वाटी म्हणे. वाटीत वंगण असतं आणि वर रबराची टोपी. टोपी फाटली की धूळपाणी आत शिरतं, वंगण आटतं, गोळा झिजत जातो आणि एक दिवस वाटीतून निसटतो. मग चाक आडवं होतं. घाटात तसं झालं तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून मेस्त्रीचा एक रिवाज होता. पाऊस सरला की तो गाडीचं नाक जॅकवर उचली, चाक वरून आणि खालून धरून गदागदा हलवी आणि डोळे मिटून हाताला काय लागतं ते बघे. वंगण भरी, टोप्या तपासी आणि मग जे करायचं ते करी.

एका वर्षी त्याने दोन्ही चाकांच्या गोळा-वाट्या नव्या बसवल्या आणि त्याच थंडीत तो गेला. गाव हळहळलं. शागीर्दाच्या तर पायाखालची जमीनच सरकली.

गाडी आता त्याच्याकडे आली. मेस्त्री जिथे थांबे तिथेच तो थांबू लागला, मेस्त्री वाजवी तसाच भोंगा वाजवू लागला. भोंगा ऐकून म्हातारी माणसं क्षणभर मेस्त्रीच आला असं समजून वळून बघत. शागीर्दाला ते बघून बरं वाटे. आपण आहोत तोवर मेस्त्री गेलेला नाही, असं त्याला वाटे.

वर्षं गेली. मोटारीच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला. खड्डा आला की खट्, वळण आलं की खट्.

खालच्या बाजारातल्या कारागिराने ऐकल्याबरोबर सांगितलं की गोळा झिजलाय, दोन्ही बाजूंना नवी जोडी घाल. शागीर्दाला राग आला. मेस्त्रीने आपल्या हातांनी शेवटचं काही बसवलं असेल तर ते हेच. ते उपटून भंगारात टाकायचं? टोपी फाटली होती, तर त्याने मेस्त्रीच्या जुन्या सदऱ्याची पट्टी फाडून तिच्यावर गुंडाळली. चाक उचलून हलवण्याचा रिवाज मात्र त्याने बंद केला. हलवलं असतं तर कळलं असतं, आणि त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

पुढे पुढे तर त्याला ती खटखट आवडू लागली. लहानपणी मेस्त्री त्याला दारावर टकटक करून उठवी. घाट उतरताना खट् झालं की त्याला वाटे, मेस्त्रीच बोलावतोय. माणूस एकदा मायेत गुंतला की लोखंडालाही वाचा फुटते.

मग खालच्या जत्रेचा दिवस आला. मागे गावातल्या बायका आणि कच्चीबच्ची दाटीवाटीने बसली. पुढे शागीर्दाशेजारी मेस्त्रीची बायको बसली. तिला सगळे काकी म्हणत. मेस्त्री गेल्यापासून काकी गाडीत बसली नव्हती. त्या दिवशी शागीर्दाने हट्ट केला म्हणून आली.

गाडी गावाबाहेर पडली आणि खट् झालं. काकीने मान वळवली.

"ह्यो आवाज कसला रं?"

शागीर्दाने अभिमानाने सगळं सांगितलं. काकांच्या हातची गोळा-वाटी आहे, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, काकांच्या सदऱ्याची पट्टी बांधून जपलीय. काकी खूश होईल असं त्याला वाटलं होतं. काकीचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"गाडी थांबव, लेकरा."

"एवढं वळण झालं की थांबवतो, काकी."

त्याने वेग कमी केला, म्हणूनच ही गोष्ट सांगायला माणसं उरली. घाटाच्या पहिल्याच वळणावर गोळा वाटीतून निसटला. डावं चाक आडवं पडलं, गाडीचा खांदा खचला आणि ती घासत जाऊन कठड्यावर आदळली. कठड्याचा एक दगड सुटून दरीत गेला. तो खाली जाताना किती तरी वेळ ऐकू येत होता, आणि गाडीत एक लेकरूही रडत नव्हतं.

बायका-मुलं सुखरूप उतरली. काकीचा उजवा हात मनगटात मोडला होता.

वैद्याने हात बांधल्यावर काकीने शागीर्दाला परसात नेलं. तिथे पापड वाळत घातले होते आणि वाऱ्याने कापड उडू नये म्हणून चारी बाजूंनी लोखंडी तुकडे ठेवले होते. शागीर्द रोज ते बघत आला होता. आज पहिल्यांदा त्याने खाली वाकून पाहिलं. त्या सगळ्या झिजलेल्या गोळा-वाट्या होत्या.

"ही समदी त्येंच्याच हातची," काकी म्हणाली. "त्येंनीच बसिवली, त्येंनीच काढली. जरा ढिली लागली की काढून परसात फेकायचे. तुझ्या गाडीतली बी कवाच हितं आली असती."

शागीर्द तिथेच बसला आणि मेस्त्री गेला त्या दिवशी रडला नव्हता तितका रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही चाकांना नवी गोळा-वाटी बसवली. वंगण भरलं, टोप्या चढवल्या, नट आवळून पिना घातल्या, आणि मग चाक वरून-खालून धरून डोळे मिटले. चाक तसूभरही हललं नाही.

गाडी पुन्हा घाट उतरू लागली. खड्डा आला, वळण आलं, पण आवाज आला नाही. आधी त्याला फार रितं वाटलं. मग हळूहळू त्याला आठवलं की मेस्त्रीच्या काळी गाडी अशीच उतरायची. ती खटखट मेस्त्रीची कधी नव्हतीच. मेस्त्री जिवंत असताना चाकातून चकार शब्द येत नसे, आणि ती शांतता इतकी वर्षं तो विसरूनच गेला होता.

काकीचा हात जुळला, पण वाकडा. ज्या हाताची भाकरी मेस्त्रीने जन्मभर खाल्ली आणि ज्या हाताने त्या पोरक्या पोराला पहिला घास भरवला, त्या हाताला पुन्हा भाकरी थापता आली नाही. लोखंड जपण्याच्या नादात मेस्त्रीच्या घरातली ती चव शागीर्दाने कायमची घालवली. काकीने त्याला कधी बोल लावला नाही. तो मात्र रोज संध्याकाळी गाडी लावून तिच्या चुलीपुढे बसे, ती सांगेल तसं पीठ मळे आणि तिला भाकरी करून वाढी.

बोध: गेलेल्या माणसाने बसवलेली वस्तू जपण्यापेक्षा त्याने घेतलेली काळजी चालू ठेवावी.