आबांचं कडं

माणसाचा अजून पत्ताही नव्हता, तेव्हा दूर अंधारात एक धिप्पाड ग्रह राहायचा. त्याचे दोन चंद्र त्याला आबा म्हणत. घरची रीत एकच होती: आबांकडे तोंड करूनच फिरायचं, त्यांना पाठ दाखवायची नाही.

बर्फाचा धाकटा चंद्र आबांचा फार लाडका. “ये, अजून जवळ ये,” आबा म्हणायचे आणि तो दर फेरीला थोडा आत सरकायचा.

एकदा बाहेरून फिरणारा थोरला किंचाळला, “अरे थांब! तुझं तोंड जेवढं ओढलं जातंय तेवढी पाठ ओढली जात नाही. मधे भेगा पडल्यात! माघारी फिर!”

“माघारी फिरलो तर आबांना पाठ दिसेल, दादा,” धाकटा म्हणाला आणि आणखी आत सरकला.

पुढच्याच फेरीला त्याचे तुकडे तुकडे झाले. ते आबांभोवतीच झळाळत फिरत राहिले.

वाटेने जाणारा धूमकेतू म्हणाला, “वा आबा, काय सुंदर कडं! कुणी दिलं?”

“आमच्या धाकट्याने. फार जीव होता त्याचा माझ्यावर.” मग आबांनी थोरल्याकडे पाहिलं. “तू का रे एवढा लांब? ये, जवळ ये.”

थोरल्याची नजर कड्यातल्या तुकड्यांवर गेली. पण पाठ फिरवायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.