कातरीनबायचं बावखल

वसईच्या किनाऱ्याकडे माडवलीला गेलात, तर चर्चमागचं बावखल दाखवायला म्हातारे इनासमामा स्वतः येतात. बावखल म्हणजे वाड्या शिंपायला खणलेलं तळं. मामा आधी पाहुण्याच्या ओंजळीत पाणी ओततात. तो प्यायला की सांगतात, "आता म्हणा, गोड आहे." पाहुणा हसतो. मामा हसत नाहीत. एरवी ते कशालाही हसतात.

फार मागे, असे सांगतात, एका साली पाऊस आलाच नाही. विहिरी इतक्या खारवल्या की बायका म्हणे कालवणात मीठ टाकायचं विसरल्या, आणि बेडूक तोंड वाकडं करून शेजारच्या गावी निघून गेले. गोड राहिलं ते एवढंच बावखल. गाव दिवसभर उपसायचा, तळ दिसायचा. पहाटे पुन्हा गावापुरतं पाणी वर आलेलं असायचं. कमी नाही, जास्तही नाही.

काठावरच बस्त्यावचं घर. त्याची आई कातरीनबाय अंथरुणाला खिळलेली, अन्न तुटलेलं, सगळा जीव पाण्याच्या घोटावर. बस्त्याव रोज सकाळी तांब्या नेऊन द्यायचा. ती प्यायची, "गोड आहे रे" म्हणायची आणि त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायची.

"आये, उद्या नाय आलं पाणी तर?"

"काल आलं, आज आलं. देवबाप काय पाहुणा आहे, येईल न येईल असा?"

बस्त्यावला ते पटलं नाही. आई पाण्यावाचून जाईल, या भीतीने त्याला घेरलं होतं. रविवारी सगळा गाव पाऊस मागायला चर्चमध्ये मिस्साला बसला, तेव्हा हा कावड घेऊन बावखलात उतरला. फादरांचं प्रवचनही नेमकं त्याच दिवशी लांबलं. घरामागचे रांजण त्याने काठोकाठ भरले, वर केळीची पानं बांधली. सोमवारी पहाटे तळाशी नुसता चिखल. बायका रिकाम्या कळश्या घेऊन परतल्या. बस्त्यावने त्यांना येताना पाहिलं, जाताना पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

मग रांजणातलं पाणी आईला दिलं. तिने तांब्या थेंब न ठेवता संपवला.

"गोड आहे रे," ती म्हणाली आणि रोजच्यासारखा क्रूस काढला.

त्याला हायसं वाटलं. आता स्वतःसाठी त्याने तांब्या बुडवला, घोट घेतला आणि तिथेच थुंकला. समुद्र बरा, इतकं खारं. दुसरा रांजण तसाच. तिसराही.

कावड घेऊन तो धावत सुटला. लोकांदेखत, मान खाली घालून त्याने सगळं पाणी बावखलात ओतलं. शेवटची घागर रिती झाली आणि म्हणे तळातून गोड झरा उसळला. तांब्या भरून तो घरी पळाला. कातरीनबायचे डोळे मिटले होते. ओठांवर मिठाची पांढरी रेघ होती.

बस्त्याव पुढे पुष्कळ जगला. रोज बावखलाचं पाणी तोंडाला लावायचा, पण 'गोड आहे' हे त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. मग त्याच्याऐवजी गावच ते म्हणू लागला.

आजही, घरोघरी नळ आले तरी, मिस्साहून परतताना माणसं इथे थांबतात, एकमेकांच्या ओंजळीत पाणी ओततात. साठवायला मात्र कुणी घरी नेत नाही.

"वैशाखात जरा खारं लागतं," इनासमामा जाता जाता सांगतात. "तरी आम्ही गोडच म्हणतो. तिने म्हटलं होतं ना."