तानकूने टाकलेला भारा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ती नेमकी कुणाच्या पणजीच्या वेळची यावरून कोंडसोलीत आजही वाद होतात. त्या काळी भाताची रोपं करायला कोंडसोली राब भाजायची. म्हणजे झाडांच्या हिरव्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, वाफ्यावर पसरून पेटवायच्या आणि त्या राखेत भात पेरायचं. त्यासाठी प्रत्येक घराला डोंगराचा एकेक तुकडा वाटून दिलेला. तोडायचं काम पुरुषांचं, भारे डोक्यावरून खाली आणायचं बायकांचं. हे कुणी ठरवलं ते विचारू नका. बायकांनी ठरवलं नव्हतं, एवढं नक्की.

तानकू ही गावातली एकटी विधवा. एक खाचर, एवढीच तिची जमीन आणि तेवढाच पोटाला आधार. खालची झाडं तोडून तोडून नुसते खुंट उरले होते, त्यामुळे फांद्यांसाठी दरवर्षी आणखी वर चढावं लागे. एका वर्षी तानकूने अर्ध्या वाटेत भारा खाली टाकला तो टाकलाच. असं म्हणतात, की त्याचा आवाज खालच्या तीन वाड्यांत ऐकू गेला.

त्यानंतर आपल्या तुकड्यातल्या ऐनाच्या झाडांना तिने कोयता लावू दिला नाही. गळलेला पाला, ज्याला तिकडे पातेरा म्हणतात, तेवढा झाडून आणायची आणि शेणात कालवून वाफ्यात कुजवायची. पहिल्या वर्षी रोपांपेक्षा तणच जास्त आलं. तिने दिवसदिवस बसून ते बोटांनी उपटलं. गाव हसलं. चार वर्षं हसलं. पण पाचव्या वर्षी आणखी दोघी बायकांनी वाटेत भारे टाकले, तेव्हा मात्र गावाचं हसू पळालं.

गावचा प्रमुख भिवा गावकर. त्याने तानकूला देवळासमोर उभं केलं आणि विचारलं, की वाडवडील भाजत आले ते काय खुळे होते? वाडवडिलांचं तानकूने काही काढलं नाही. ती एवढंच बोलली.

“गावकर, भात पिकतंय त्यातलं अर्धं आपुन राब वाहायलाच खाताव. मंग पिकवताव कशाला?”

गावकराने तिला तिथल्या तिथे वाळीत टाकलं. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, लावणीला कुणी जायचं नाही. आषाढी पौर्णिमेपर्यंत खाचर लावून झालं नाही तर ते देवाचं, म्हणजे गावकराच्या ताब्यात. तानकू “बरं” म्हणाली आणि घरी गेली. घरी जाऊन ती रडली असं काहीजण सांगतात. रडली असेलही, पण दुसऱ्या दिवशी वाफ्यात होती.

त्या ज्येष्ठात तीन दिवस पाऊस थांबला नाही. बोडक्या डोंगराला पाणी धरवेना. माती, दगड, खुंट सगळं खाली आलं आणि गावाचे राखेचे वाफे रोपांसकट ओढ्यात गेले. तानकूच्या वाफ्याच्या वरच्या उतारावर मात्र पाच वर्षं न तोडलेले ऐन उभे होते. तिथे गुडघाभर हिरवीगार रोपं तशीच राहिली.

ती एकटीच लावणीला उतरली. असं म्हणतात, की बगळ्यांची रांग तिच्या जोडीने खाचरात उतरली आणि लांबून बघणाऱ्यांना वाटलं, बायाच वाकल्यात. बगळ्यांनी रोपं लावली की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. खाचर पौर्णिमेच्या चार दिवस आधी लागून झालं, आणि वाफ्यातून जितकी रोपं काढावी तितकी मागे उभीच होती.

मग भिवा गावकर बांधावर आला. मागे अख्खं गाव. रोप मिळालं नाही तर वर्षभर खायचं काय, हे सगळ्यांना कळत होतं. पण वाळीतल्या बाईशी बोलायचं कसं? गावकर खोकला, इकडेतिकडे बघून पुन्हा खोकला. तानकू मान वर करेना. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो माणूस तसाच उभा होता.

“तानकू, रोपं देशील?” शेवटी त्याने विचारलं.

“वाळीतल्या बाईशी बोललाव, गावकर. आता तुमाला कोण वाळीत टाकणार?”

तिने रोपं दिली, सगळ्या गावाला दिली. पण अट घातली, की डोंगराला कोयता लागणार नाही, आणि पुढच्या वर्षी पातेऱ्याचा पहिला भारा गावकर स्वतःच्या डोक्यावरून खाली आणील. गावकराने तो आणला. मान आखडून आठ दिवस अंथरुणात होता असं म्हणतात, आणि हे सांगताना कोंडसोलीच्या बायका अजून खूश होतात.

आजही त्या डोंगरावर ऐनाचं दाट रान आहे आणि गावात राब भाजत नाहीत. पातेरा उतरवायचा पहिला दिवस हा तानकूचा दिवस. त्या दिवशी गावकराच्या घरातला थोरला पुरुष पहिला भारा डोक्यावरून आणतो आणि गावातल्या बायका बांधावर बसून बघतात. मध्ये एका गावकराने भारा टेम्पोत घालून आणला. बायका बांधावरून उठल्याच नाहीत. त्याला तो भारा टेम्पोतून काढून पुन्हा वर न्यावा लागला आणि तिथून डोक्यावर घेऊन, पायी, खाली यावं लागलं.