चतुराच्या पंखावरचा ठिपका

“…पण चौकशीच्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात, वस्ताद?”

दस्तगीर वस्तादांनी हातातली कानस थांबवली नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्याची कड ते घासत होते, ती घासतच राहिले.

एवढं एक विचारायला टिपणीस एकतीस वर्षांनी मिरजेला आला होता.

विमानांच्या कारखान्यातून, पंखांच्या विभागाचा प्रमुख म्हणून, निवृत्त होऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. निरोपाच्या समारंभात कुणीतरी म्हणालं, “ज्यांच्या हातून आजवर एकही पंख मोडला नाही, असे आमचे टिपणीस साहेब.” टाळ्या वाजल्या. टिपणीसने हात जोडले. घरी येऊन हार खुंटीला अडकवला आणि दुसऱ्या दिवशी मिरजेचं तिकीट काढलं.

कारण एक पंख मोडला होता. त्या पंखाबरोबर एक माणूसही खाली आला होता.

तेव्हा मिरजेपासून तीसेक मैलांवर एका माळावर ग्लायडर उडवण्याचं केंद्र होतं. बिनइंजिनाची विमानं ती. सगळी भिस्त पंखांवर. आत लाकडाच्या फासळ्या, वर पातळ प्लायवूड, त्यावर ताणून बसवलेलं कापड. हे पंख बांधायला आणि त्यांची डागडुजी करायला दस्तगीर वस्ताद होते. सतार-तंबोरे करणाऱ्या घराण्यातला माणूस. लाकडावर बोट वाजवून आत कुठं फट आहे ते सांगायचे.

कॉलेजातून नव्यानं आलेल्या टिपणीसला केंद्राच्या चालकांनी त्यांच्या हाताखाली दिलं. म्हणाले, “वर्षभर यांच्याजवळ शीक. मग इंजिनिअर म्हणून सही करत जा.”

पहिले काही दिवस वस्तादांनी त्याला हत्याराला हात लावू दिला नाही. माळाच्या टोकाला दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठलेलं होतं, तिथं नेऊन बसवलं.

“इथं काय करू?”

“चतुर बघ.”

पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो चतुर. पाण्यावर जागच्या जागी थांबायचा, मनात येईल तेव्हा बाजूला सटकायचा, मध्येच चारी पंख आडवे धरून वाऱ्यावर घसरत जायचा. केंद्राच्या कारखान्यातली माणसं टिपणीसला बघून हसायची. “एक चतुर दुसऱ्याला बघत बसलाय.”

वस्तादांनी एकदा काठावर मरून पडलेल्या चतुराचा पंख त्याच्या तळहातावर ठेवला. टिपणीसने तो उन्हात तिरपा धरला. सायीपेक्षा पातळ. त्यातून पलीकडचा डोंगर दिसत होता, आणि कडेनं जांभळी-हिरवी झाक धावत होती. पुढच्या कडेला जाड शिरा, त्यांच्यात चौकोनी घरं. मागं जावं तशी घरं लहान होत गेलेली, पाच कोनांची, सहा कोनांची, शेवटी शेवटी नुसती जाळी.

“सपाट आहे?” वस्तादांनी विचारलं.

“सपाटच की.”

“नखानं बघ.”

टिपणीसने नख अलगद आडवं फिरवलं. पंख सपाट नव्हता. एक शीर वर, एक खाली, एक वर, एक खाली.

वस्तादांनी वहीचा कागद फाडून दोन दगडांवर पुलासारखा ठेवला. तो मधेच लोंबला. मग त्यालाच पंख्यासारख्या घड्या घातल्या, पुन्हा ठेवला आणि वर बिडीचं अख्खं बंडल ठेवलं. कागद वाकला नाही.

त्या दिवशी टिपणीसला झालेला आनंद खरा होता. पुढं आयुष्यभर त्याने पंखच केले, पण असा आनंद पुन्हा झाला नाही.

“आता हा बघ,” वस्ताद म्हणाले.

पुढच्या कडेला, टोकाजवळ, तिळापेक्षा लहान एक काळा ठिपका होता. बाकीचा पंख काचेसारखा, तेवढाच ठिपका जाड आणि भरीव.

“ज्यानं इतकं वजन वाचवलं, त्यानं इथं वजन का ठेवलं?”

“का ठेवलं?”

“बघ.”

टिपणीसने तीन दिवस बघितलं. तिन्ही दिवस संध्याकाळी विचारलं. तिन्ही दिवस उत्तर एकच आलं.

चौथ्या दिवशी तो खाणीवर गेलाच नाही. कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणाला, “मी इंजिनिअर आहे, वस्ताद. किडे मोजायला आलेलो नाही. आणि चारचौघांत मला अरे-तुरे नको.”

वस्तादांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं…

“बरं, साहेब.”

त्या दिवसापासून ते साहेबच म्हणत आले. पंखाचं काम त्यांनी शिकवलं, काही लपवलं नाही. फक्त खाणीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या वर्षी केंद्रात स्पर्धा ठरल्या. ग्लायडरच्या पंखाला मागच्या बाजूनं, टोकाकडं, एक हलती फळी असते. विमान कलतं ते तिच्यामुळं. त्या फळीला पुढं आलेली एक लोखंडी दांडी होती आणि दांडीच्या टोकाला मुठीत मावेल एवढा शिशाचा तुकडा. दांडी पंखाखाली उघड्या वाऱ्यात असायची. टिपणीसच्या डोळ्यांत ती सलायची. इतक्या देखण्या पंखाला हे गळू कशाला? वारा अडतो, वजन वाढतं. तो म्हणाला, काढून टाकू.

“शिसं राहू द्या, साहेब.”

“का? कारण सांगा.”

वस्ताद खिडकीतून खाणीच्या दिशेनं बघत राहिले. टिपणीस हसला, आणि विषय तिथंच राहिला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. वस्ताद नमाजाला गेले होते. टिपणीसने दोन्ही बाजूंच्या दांड्या स्वतः सोडवल्या, भोकं बुजवली, वरून रंगाचा हात दिला आणि शिशाचे दोन्ही तुकडे भंगारात टाकले. कुणाला बोलला नाही.

शनिवारी सकाळी जयसिंग घोरपडे वर गेले. केंद्रातले शिक्षक, हात इतका सफाईचा की त्यांचं उतरणं बघायला गावातली माणसं यायची. शेवटची रेघ गाठायला ते उंचावरून वेग घेत खाली आले. माळावरच्या लोकांना आधी आवाज ऐकू आला, कुणी ओली गोधडी झटकावी तसा. मग डावा पंख वेगळा झालेला दिसला.

चौकशीला तीन माणसं आली. टिपणीसने मोडलेल्या फासळ्या त्यांच्यापुढं ठेवल्या. म्हणाला, “सरसाचा जोड उकलला.” जोड उकललेला होताच; पंख तुटल्यावर सगळेच जोड उकलतात.

“हा जोड कुणी केला?” त्यांनी विचारलं.

“मी,” वस्ताद म्हणाले.

त्यापुढं एक शब्द बोलले नाहीत. त्यांना काढून टाकलं. सहा महिन्यांत केंद्रही बंद पडलं.

दोन वर्षांनी टिपणीस परदेशात शिकायला गेला. तिथं वाऱ्याच्या बोगद्यात पंखांचे नमुने तपासायचे. एका नमुन्याच्या हलत्या फळीचं वजन प्राध्यापकांनी मुद्दाम काढलं आणि वारा वाढवत नेला. एका वेगापर्यंत सगळं शांत. मग फळी थरथरली, तिनं पंखाला हलवलं, पंखानं तिला… डोळ्याचं पातं लवायच्या आत तुकडे झाले. प्राध्यापकांनी वजन पुढं बसवून तोच वारा पुन्हा सोडला. पंख हलला नाही.

वर्गातल्या पोरांनी लिहून घेतलं. टिपणीसच्या वहीत नुसता चतुराचा पंख काढलेला होता, टोकाजवळ काळा ठिपका.

त्यालाही एकोणतीस वर्षं झाली होती.

आज हे सगळं त्याने वस्तादांपुढं बोलून टाकलं होतं. शिसं आपण काढलं, दोष तुमच्या जोडावर घातला, खरं कळल्यावरही जीभ उचलली नाही. वस्ताद आता ऐंशीच्या पुढं गेलेले. दाढी पांढरी झाली होती, मान किंचित हलत होती. हात मात्र स्थिर होता.

“तुम्ही तेव्हाच सांगू शकला असतात,” टिपणीस म्हणाला. “शिसं जागेवर नाही, एवढं तरी. तुम्ही सगळं अंगावर घेतलंत. मला वाचवलंत. एवढं मोठं मन…”

कानस थांबली.

“चहा घेणार, साहेब?”

“नको. मला सांगा, वस्ताद.”

वस्ताद गुडघ्यावर हात टेकत उठले. वर टांगलेल्या भोपळ्यांखालून वाकून आत गेले. आले तेव्हा हातात फडक्याची पुरचुंडी होती. ती सोडून त्यांनी टिपणीसचा उजवा हात धरला, त्यावर शिशाचा एक तुकडा ठेवला. मग डावा हात धरला, त्यावर दुसरा.

टिपणीसने ते ओळखले. एका तुकड्यावर त्याच्याच पान्याचा ओरखडा होता.

“हे मी भंगारात टाकले होते.”

“तिथंच मिळाले.”

“कधी? विमान पडल्यावर?”

“आधी.”

बाहेर रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं…

“शुक्रवारी नमाजाहून आलो, तेव्हाच,” वस्ताद म्हणाले. “भंगाराच्या पिंपात वरच पडले होते.”

“मग… बोलला का नाहीत?”

“तुझी वाट बघत होतो.”

टिपणीसने वर बघितलं. खाणीवरच्या त्या दिवसांनंतर त्यांनी त्याला पहिल्यांदा तू म्हटलं होतं.

“म्हटलं, सकाळपर्यंत येईल. विचारील. विचारल्यावर सांगायचं, असं आमच्याकडं चालत आलंय. माझ्या अब्बांनी मला कधी काही सांगितलं नाही. भोपळा हातात द्यायचे, म्हणायचे, ऐक. चुकलं तर सतार बेसूर व्हायची. मग पुन्हा करायची…” ते थांबले. “सतार बेसूर झाली तर कुणी मरत नाही.”

टिपणीसने तुकड्यावरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

“आणि तू साहेब झाला होतास. ते पण होतं. तो राग पण होता माझ्यात.”

“वस्ताद…”

“शनिवारी हे माझ्या खिशात होते. घोरपडे जवळ आले. म्हणाले, काय वस्ताद, पंख ठीक? मी म्हटलं, साहेबांना विचारा.”

टिपणीसच्या डोळ्यांपुढं ती सकाळ आली. हातमोजे चढवत आलेले घोरपडे. ‘वस्ताद म्हणतायत तुला विचार. सगळं ठीक ना रे?’ आणि आपण दिलेलं उत्तर. ‘ठणठणीत.’ ते हसले होते. जाताना त्यांनी पंखाच्या टोकावरून हात फिरवला होता, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

“विमान ओढायची दोरी ताणली तेव्हा मी दोन पावलं पुढं झालो होतो,” वस्ताद म्हणाले. “दोनच.”

त्यांनी रिकामं फडकं गुडघ्यावर पसरून त्याची घडी घातली.

“चौकशीत गप्प राहिलो ते तुला वाचवायला नव्हे. मोठं मन वगैरे काही नाही. खिशात शिसं घेऊन उभा राहिलेला माणूस काय बोलणार? जोड माझाच होता म्हटलं. खोटं नव्हतं ते.”

टिपणीसच्या हातांवर वजन होतं. ते कुठं ठेवावं, कळत नव्हतं. इथं येताना त्याने ठरवलं होतं की पायावर डोकं ठेवायचं. पाय समोर होते. वाकायला जमेना.

“मला माफ करा,” तो शेवटी म्हणाला.

“ते माझ्याकडं नाही.”

“मग कुणाकडं?”

“इंदूताईंकडं. घोरपड्यांच्या.”

“त्या आहेत अजून?”

“इथंच असतात. माझं मी त्यांना सांगून आलोय. वर्ष भरता भरता, वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी.”

“काय म्हणाल्या?”

“ऐकून घेतलं. पाणी दिलं.” वस्ताद भोपळ्याच्या कडेवरची भुकटी फुंकत म्हणाले. “मग विचारलं, दुसरा कधी येणार?”

टिपणीस भिंतीला टेकला. तीस वर्षं. त्याला वाटत होतं, ही गोष्ट दोघांनाच माहीत आहे. एक आपण आणि फार तर वस्ताद. तिसऱ्या एका घरात तिची रोज वाट बघितली जात होती.

“तुम्ही मला पत्र तरी टाकायचं होतंत, वस्ताद. एक ओळ.”

“होय. टाकायला पाहिजे होतं.”

“मग?”

“बघ म्हणायची सवय लागलेली. लवकर सुटत नाही.” त्यांचा आवाज बसला होता. “सुटेपर्यंत तुझा पत्ता राहिला नव्हता.”

उन्हं उतरत आली होती. टिपणीसने शिशाचे तुकडे फडक्यात बांधले आणि उभा राहिला.

“तुम्ही चला माझ्याबरोबर.”

वस्तादांनी मान हलवून नाही म्हटलं.

“काय बोलू तिथं? कुठून सुरू करू?”

वस्तादांनी कानस उचलली होती, ती पुन्हा खाली ठेवली. उठून ते त्याच्याबरोबर उंबऱ्यापर्यंत आले आणि किल्ल्याच्या बाजूनं जाणारी गल्ली हातानं दाखवली.

“डावीकडचं तिसरं घर. दार उघडंच असतं.”

टिपणीस पायरी उतरला.

“तरी वाजव.”