हैबतीच्या घरचा खरवस

एका गावात माणसांपेक्षा म्हशी जास्त होत्या, आणि म्हशींपेक्षा गप्पा जास्त. त्या गावात हैबती नावाचा एक गवळी राहायचा. माणूस मनानं चांगला, पण कानाचा फार हलका. शेवटी जो बोलेल, त्याचंच त्याला खरं वाटायचं.

गावाची एक रीत होती. म्हैस व्याली आणि पारडी झाली, म्हणजे मादी रेडकू, की त्या घरचा खरवस आळीभर वाटायचा. टोणगा झाला, म्हणजे नर, की मालक तोंड पाडून बसायचा आणि पहिल्या दुधाचा चीक घरातल्या घरात संपवायचा. पारडी उद्या दूध देणार, टोणगा नुसती वैरण खाणार, असा साधा हिशेब.

घरात मात्र नेमका उलटा कारभार! मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की सुतकी चेहरे. गोठ्यात हवी ती घरात नको, आणि घरात हवा तो गोठ्यात नको. आता काय म्हणावं या शहाणपणाला?

हैबतीला दोन मुली होत्या. त्याची बायको सगुणा नुकतीच बाळंत झाली आणि तिसरीही मुलगीच झाली. त्याच आठवड्यात त्याची लाडकी म्हैसही व्याली, आणि तिला झाला टोणगा. दोन्हीकडून पंचाईत! हैबतीनं बाळाचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. पाहावंसं वाटत होतं हो, पण उंबऱ्यापाशी पाय अडायचा.

तेवढ्यात त्याची आत्या गाठोडं घेऊन आली. आल्या आल्या तिनं कपाळाला हात लावला.

"हैबती, तुझी बायको काय मुलींचा वसा घेऊन आलीय का रे? गंडे बांधले, नवस केले, काही उपयोग नाही. हिला पाठव माहेरी. मी एक स्थळ बघून ठेवलंय. उद्या सकाळी आपण जाऊन येऊ."

"बघू," हैबती पुटपुटला.

"बघू नाही. सकाळी तयार राहा."

आतल्या खोलीत सगुणानं सगळं ऐकलं. तिनं लेकीला जवळ ओढलं.

संध्याकाळी शेजारचा धोंडू ओट्यावर आला. तोही वैतागलेला.

"हैबती, म्हैस विकतो मी. दर वेताला टोणगाच! तिच्या पोटातच खोट आहे."

म्हशींचा विषय निघाला की हैबतीला चेव यायचा. या बाबतीत गावात त्याचा शब्द चालायचा.

"अरे येड्या, म्हशीला काय विकतोस! आपल्या बापजाद्यांनी कधी टोणगे झाले म्हणून म्हैस विकली? रेडा बदलतात, रेडा! म्हैस बिचारी पोटात वाढवते, कळा सोसते, दूध पाजते. तिचा काय गुन्हा? मुक्या जिवाला उगाच बोल लावू नये, पाप लागतं."

धोंडूला पटलं. तो मान डोलावत घरी गेला. हैबतीही मिशीवर ताव देत आत आला, तर दारात सगुणा उभी. अशक्त झाली होती, चौकटीला धरून उभी होती, पण आवाज शांत होता.

"अहो, एक विचारू?"

"विचार की."

"टोणगे झाले तर म्हैस नाही, रेडा बदलायचा, असं तुम्हीच म्हणालात. मग मुली झाल्या म्हणून या घरातून कुणी जायचं?"

सगुणा आत गेली. त्या रात्री हैबतीनं भाकरी अर्धीच खाल्ली. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा रागही येत होता.

सकाळी तालुक्याची गुरांची डॉक्टरीणबाई व्यालेल्या म्हशीला बघायला आली. म्हैस ठणठणीत होती. बाई हात धूत असताना हैबतीनं हळूच विचारलं,

"बाई, नर की मादी हे ठरवतं तरी कोण?"

बाईंनी खुराकाच्या पोत्यांकडे पाहिलं. एका घमेल्यात त्यांनी नुसती सरकी घेतली आणि दुसऱ्यात सरकी न् मका निम्मा निम्मा मिसळला.

"हे आईचं घमेलं, हे बापाचं. गर्भ राहतो तेव्हा आईकडून एक दाणा येतो आणि बापाकडून एक. आईकडे सगळी सरकीच. बापाकडून सरकी आली तर मादी, मका आला तर नर. त्याच घडीला ठरतं, मग गंडे बांधा नाहीतर नवस करा. आता डोळे मिट आणि बापाच्या घमेल्यातला एक दाणा काढ. चाचपायचं नाही हं!"

हैबतीनं दाणा काढला. सरकी. पुन्हा काढला. मका. मग सरकी, आणि पुन्हा सरकीच.

"म्हणजे बापाकडूनच ठरतं," तो खाली मान घालून म्हणाला. "माणसांचंही असंच?"

"असंच. म्हैस, शेळी, माणूस, सगळ्यांची तीच तऱ्हा. कोंबड्यांचं तेवढं उलटं, तिथं कोंबडीकडून ठरतं."

"मग दोष माझा म्हणायचा? रेडा बदलतात ते बरोबरच?"

बाई हसल्या. "रेडा बदलून काही होत नाही. कोणता दाणा जाणार हे त्या बिचाऱ्याला तरी कुठं ठाऊक असतं? आणि हैबतीभाऊ, दोष शोधायला आधी चूक तर व्हायला हवी. हाताला सरकी आली, यात चुकलं काय?"

बाई गेल्या. हैबती हातातल्या दाण्याकडे बघत राहिला. इतक्यात नवं लुगडं नेसून आत्या अंगणात आली.

"चल रे! उशीर होतोय. पाहुणे वाट बघतायत."

"आत्या, मी येत नाही. त्यांना निरोप धाड. सगुणा कुठंही जाणार नाही."

"आणि वंशाला दिवा?"

"तीन दिवे लागलेत की घरात. मीच डोळे मिटून बसलो होतो."

आत्या फणकाऱ्यानं गाठोडं बांधायला लागली. हैबती उंबरा ओलांडून आत गेला. सगुणानं बाळ त्याच्या हातात दिलं. त्या इवल्याशा जिवानं त्याचं बोट घट्ट धरलं, आणि एवढा मोठा बाप्या घळाघळा रडला.

"चुकलो मी, सगुणा," तो म्हणाला.

"धरा नीट, मान सांभाळा," सगुणा म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

मग हैबतीनं चीक काढला, गूळ-वेलदोडा घालून स्वतः खरवस उकडला आणि थोरल्या दोघींना बरोबर घेऊन आळीभर वाटत निघाला. पहिलं घर धोंडूचं.

"वा रे वा! पण तुझ्या म्हशीला तर टोणगा झाला म्हणे. पारडी झाली का काय?"

"म्हशीला टोणगाच झालाय, धोंडू," हैबती म्हणाला. "खरवस माझ्या मुलीचा आहे."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: मूल मुलगा की मुलगी, याचा दोष आईला नाही आणि बापालाही नाही, दोष आहे तो आलेल्या जिवाचं तोंड न पाहणाऱ्याला.